ऊसतोडीचा हंगाम आणि नैराश्याचा उपचार: एका तांड्यावरचं प्रकरण

या प्रकरणातली बाई ओळखू येऊ नये म्हणून गाव, कारखाना आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिने दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्या आहेत. तिचं नाव इथे कुठेच नाही. आमच्या केंद्रात सगळे तिला ताई म्हणतात, मीही तेच वापरते.

पार्श्वभूमी

२०२३ च्या पावसाळ्यात मी मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसत होते. केंद्राच्या हद्दीत चार बंजारा तांडे येतात. दसरा-दिवाळीनंतर हे तांडे निम्मे रिकामे होतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती होळी-पाडव्याच्या आगेमागे परत येतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात.

ज्यांनी ही दुनिया जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. बाई आजारी पडली तर अर्धा नाही, अख्खा कोयता बंद पडतो. पुढचं सगळं प्रकरण या हिशोबाभोवती फिरतं. मला ते समजायला दोन महिने लागले.

ताई ३४ वर्षांची. दोन मुली, थोरली तांड्यावर आजीपाशी राहून शिकते, धाकटी फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, सोबत जाते. त्या वर्षीची १ लाखाची उचल जूनमध्येच हातात आली होती आणि दिराच्या दवाखान्यात खर्चूनही झाली होती. दोन महिन्यांत ती केंद्रात तीनदा आली. केसपेपरवर तिन्ही वेळा साधारण तेच लिहिलेलं: अंगदुखी, अशक्तपणा, झोप नाही. कॅल्शियम दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, एकदा सलाईन लावलं. ‘सलाईन लावलं की दोन दिस बरं वाटतं,’ असं ती म्हणायची. चौथ्या खेपेला नर्सने तिला माझ्याकडे पाठवलं.

अडचण

मी पीएचक्यू-९ काढली. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची ही चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, पंधराच्या वर गेलं की उपचाराला उशीर करायचा नाही. मी छापील मराठीत विचारलं, ‘उदास, निराश, खिन्न वाटतं का?’ ती म्हणाली, ‘न्हाई.’ ‘कामात रस कमी झालाय का?’ ‘काम तर करावंच लागतं, म्याडम.’ बेरीज ८ झाली. मी ‘सौम्य’ लिहिलं आणि महिन्याने यायला सांगितलं.

ती माझी पहिली चूक. प्रश्न बरोबर होते, पण ते तिच्या जगण्यात कुठेच टेकत नव्हते. ‘खिन्न’ हा शब्द तिने बहुधा कधी वापरला नसेल. आणि जिच्या घरात काम न करणं हा पर्यायच नाही, तिला कामातल्या रसाबद्दल विचारून काय कळणार?

पंधरा दिवसांनी तांड्यावरची आशा, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, सहज बोलली, ‘ती बाई दोन महिने झालं दारात बसत न्हाई.’ तांड्यावर संध्याकाळी बायका दारात बसतात, निवडणं-टिपणं तिथेच होतं, बोलणंही तिथेच. दारात न बसणारी बाई सगळ्यांच्या लक्षात येते. मी आशाताईंना सोबत घेतलं आणि ताईला पुन्हा बोलावलं. या वेळी प्रश्न गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, विचारले गेले आणि रोजच्या गोष्टींना बांधून विचारले गेले. होळीला लेंगी, म्हणजे होळीची बंजारा गाणी, म्हणायला उभी राहिलीस का? ‘दोन वरीस झाली, न्हाई.’ जेवण गोड लागतं का? ‘मिठाचं बी कळंना.’ रात्री काय होतं? ‘इचार. नुसता इचार. डोस्क्यात चाक फिरतंय.’

‘विचार’ हा शब्द मराठवाड्यात मी शेकडो वेळा ऐकला आहे. झिम्बाब्वेत शोना भाषेत याच त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं, आणि हरारेत बाकावर बसून आज्यांनी दिला जाणारा समुपदेशनाचा प्रसिद्ध उपक्रम त्याच शब्दाला धरून उभा राहिला. आपल्याकडे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असून आम्ही चाचणीत ‘खिन्न’ विचारत होतो.

बेरीज १७ झाली. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला तिने ‘कधी कधी’ म्हटलं. मी थेट विचारलं, काही करायचं ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध आहे का. ठरवलेलं नव्हतं. औषध होतं. त्याच संध्याकाळी तो डबा दिराच्या घरी गेला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतला.

इथपर्यंत बरं चाललं होतं. मग दुसरी चूक समोर आली, आणि ती जास्त महाग पडली. आशाताई मुकादमाच्या नात्यातल्या निघाल्या. त्यांनी काळजीपोटीच घरी विषय काढला असणार, माझा त्यांच्यावर आजही रोष नाही. पण आठवड्याच्या आत मुकादमाने नवऱ्याला गाठलं: ‘तुझ्या बायकोला डोक्याचं दुखणं हाय म्हणं? कोयता मधीच पडला तर?’ उचलीतली निम्मी रक्कम परत कर, नाही तर दुसरी बाई लाव, असं बोलणं झालं. ताईने केंद्रात येणं बंद केलं. तीन आठवडे गेले.

नातं विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी ते विचारलं नाही, कारण दुभाषी मिळाली याचाच मला आनंद झाला होता.

समोरचे पर्याय

गाडी घेऊन तांड्यावर गेले असते तर उरलीसुरली अब्रूही गेली असती. म्हणून नर्सने ‘लोहाच्या गोळ्या न्यायला ये’ एवढाच निरोप धाडला. मंगळवारच्या बाजाराला आलेली ताई केंद्रात आली. मी तिची माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘आजाराचं नाव घेऊ नका तुमी. बीपी म्हणा.’

तोवर सप्टेंबर लागला होता. ऑगस्ट कोरडा गेला होता, सोयाबीन करपलं होतं, त्यामुळे त्या वर्षी फडावर जायची घाई नेहमीपेक्षा जास्त होती. टोळी निघायला सात आठवडे उरले होते. आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट नियमाची. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार विभागात पाठवायचं. जाऊन-येऊन अख्खा दिवस, मजुरी बुडणार आणि सोबत नवराही लागणार. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१६ मध्ये सांगितलं की नैराश्याच्या दर शंभर रुग्णांतले ८५ च्या आसपास उपचाराविना राहतात. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या ओपीडीत बसून तो आकडा परका वाटत नाही. त्या ८५ मधले कितीतरी जण बसच्या तिकिटापाशीच गळतात.

दुसरी, फक्त गोळ्या. सोपी आणि लवकर होणारी. पण औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर तिच्याशी कुणी बोललं नाही तर ती गोळ्या सोडणार, हे मी आधी अनेकदा पाहिलं होतं.

तिसरी वाट आमच्या मानसोपचारतज्ज्ञांची होती: यंदा जाऊच नको. आजाराच्या बाजूने पाहिलं तर ते चुकीचं नव्हतं. ते वैद्यकीय चिठ्ठी द्यायलाही तयार होते. ताईने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, ‘उचल कोन देनार? तुमी?’ चिठ्ठी तिला नकोच होती, कारण चिठ्ठी म्हणजे मुकादमाच्या हातात पुरावा.

चौथी वाट म्हणजे निघेपर्यंत जमतील तितक्या भेटी घ्यायच्या, सोबत औषध सुरू करायचं, आणि हंगामभर फोनवर धरून ठेवायचं. याला आधार होता तो गोव्यातल्या कामाचा. ‘संगात’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी सहा ते आठ भेटींत एक साधी पद्धत वापरली: मन बरं होण्याची वाट पाहू नका, आधी लहान कृती सुरू करा, मन मागून येतं. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते. फक्त नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांकडून काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. त्यामुळे पद्धतीवर माझा विश्वास होता. पण त्या दोन्ही ठिकाणी रुग्ण एका गावात राहत होता. आमची रुग्ण सात आठवड्यांनी साडेतीनशे किलोमीटरवर, दर पंधरवड्याला नव्या फडात असणार होती.

आम्ही चौथी वाट घेतली. खरं तर ताईनेच ती घेतली. ‘फोन करा, पण रातच्याला,’ ती म्हणाली.

काय केलं

आजाराचं नाव काय सांगायचं, हा प्रश्न आधी मिटवला. ‘बीपी’ म्हणणं मला खोटं वाटत होतं. शेवटी असं ठरलं की तिच्यापाशी आजाराचं खरं नाव आणि उपचार सगळं स्पष्ट बोलायचं, नोंदवहीत निदान खरं लिहायचं, बाहेर कुणाला काही कारण द्यायचंच नाही. भेट मंगळवारी, बाजाराच्या वेळात, बीपी-शुगर तपासायच्या खोलीत. त्या खोलीत शिरणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही.

दुभाषी बदलली. दूरच्या दुसऱ्या तांड्यावरच्या एक निवृत्त अंगणवाडी मदतनीस फोनवर, स्पीकर लावून, आमच्यात बसायच्या. काही दिवसांत लक्षात आलं की रोजचं बोलणं ताई मराठीत नीट करते. गोरबोली लागायची ती तीनच ठिकाणी: रडण्याबद्दल बोलताना, याडीबद्दल म्हणजे आईबद्दल बोलताना आणि मरणाबद्दल बोलताना. तिथे मी गप्प बसायचे आणि त्या दोघी बोलायच्या.

पाच भेटी झाल्या, प्रत्येक जेमतेम पंचवीस मिनिटांची. दुसऱ्या भेटीत मी तिला सुचवलं, रोज थोडं कशिद्याचं काम कर, आरसे-कवड्या लावून. बंजारा बाई म्हणजे भरतकाम, हे मी गृहीत धरलं होतं. ती हसली, पहिल्यांदाच. ‘मला सुई धरता येत न्हाई म्याडम. माझ्या सासूला येतंय.’ तिची संस्कृती मी प्रदर्शनातल्या कपड्यांवरून वाचत होते.

मग मी सुचवणं थांबवलं आणि विचारलं: फडावरचा एक दिवस मला सांग, उठल्यापासून. पहाटे चारला चूल. उजाडायच्या आत फडात. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते. ट्रक येईल तेव्हा, मग रात्रीचे बारा का असेनात, फळीवर चढून डोक्यावरून मोळ्या भरायच्या. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, परत आलं की पुन्हा चूल. आंघोळ अंधारात, कारण आडोसा नाही. या दिवसात ‘फिरायला जा’, ‘छंद जोपासा’, ‘पुरेशी झोप घ्या’ हे कुठे बसवणार? आमच्या पुस्तिकेतली निम्मी उदाहरणं त्या क्षणी गळून पडली.

पण त्या वर्णनातच दोन फटी सापडल्या. एक, वाढे. उसाच्या शेंड्यांची हिरवी पानं बांधून चाऱ्याला विकतात, त्याचे सुटे पैसे रोज हातात येतात. मागच्या दोन हंगामांत तिने ते काम नवऱ्यावर सोडलं होतं आणि पैसे दारूत जात होते. त्याआधी ती स्वतः विकायची आणि ‘तवा बरं वाटायचं.’ दोन, थोरली मुलगी. मागच्या हंगामात तिने मुलीला महिना महिना फोन केला नव्हता, कारण आवाज ऐकला की रडू येतं. तो टाळलेला फोनच तिला आत खात होता. ठरलं असं: वाढे तिनेच विकायचे, पैसे तिनेच ठेवायचे, आणि एक दिवसाआड रात्री आठला मुलीशी पाच मिनिटं बोलायचं, रडू आलं तरी.

फोन नवऱ्याचा होता, म्हणून त्याला आत घेणं भाग होतं. त्याआधी तिला एकटीला मारहाणीबद्दल विचारलं. ‘पिल्यावर शिव्या देतो, हात न्हाई उचलत,’ असं ती म्हणाली. चौथ्या भेटीला तिच्या मर्जीने त्याला बोलावलं. तो दारातच म्हणाला, ‘आमच्यात टेन्शन कुणाला न्हाई, म्याडम?’ वाद न घालता मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं: ही नीट झोपली आणि जेवली तर कोयता हंगामभर चालेल, नाही तर जानेवारीत बसेल. ते त्याला पटलं. असं बोलणं मला जड गेलं. बायकोच्या दुखण्याची किंमत टनात मांडून सांगायची, हे बरोबर आहे का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. पण फोन मिळाला.

खूण ठरली. बुधवारी रात्री माझ्या फोनवर एक मिस्ड कॉल आला तर ठीक आहे, दोन आले तर मी लगेच फोन करायचा. रिचार्ज संपलेला असला तरी हे जमावं म्हणून त्या रात्री मिस्ड कॉल आला नाही तर मीच लावायचा.

औषधाबद्दल आमची बरीच चर्चा झाली. अमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध केंद्रात सहज मिळत होतं, झोपही आणतं. पण जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर ते जिवावर बेततं, आणि पहाटे चारला झापड असताना हातात कोयता धरायचा असतो. म्हणून ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचंच दुसरं औषध, १० मिलिग्रॅम, सुरू केलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, त्याची वेगळी गोळी. थायरॉईड ठीक होतं.

निघताना किती गोळ्या द्यायच्या? मरणाचे विचार येणाऱ्या रुग्णाला साठा देऊ नये, असं आम्ही शिकलो आहोत. ऑक्टोबरअखेर नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्यावर आलं होतं, बेरीज ११ होती. ४५ दिवसांच्या गोळ्या आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी, असा मधला मार्ग निघाला. कागदावर तो फार व्यवस्थित दिसत होता.

परिणाम

हंगामात वीस फोन ठरले होते, अकरा झाले. नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरात गोळ्या संपल्या. चिठ्ठी घेऊन ती एकदा तिथल्या दवाखान्यात गेली. तिला सांगितलं गेलं की हे औषध इथे नाही, मोठ्या दवाखान्यात जा. त्या एका फेरीचा एक खाडा लागला. ती पुन्हा गेली नाही आणि मलाही लगेच सांगितलं नाही, ‘तुमाला वाईट वाटंल’ म्हणून. अचानक गोळी तुटल्याने चक्कर, चिडचिड आणि डोक्यात झटके बसल्यासारखं सुरू झालं. ती समजली आजार वाढला. दोन मिस्ड कॉल आले तेव्हा गोळ्या बंद होऊन सोळा दिवस झाले होते. फोनवरची बेरीज १४.

मग जे चिठ्ठीला जमलं नाही ते माणसाने केलं. संक्रांतीनंतर तांड्यावरचा एक नातेवाईक फडाकडे निघाला होता. तिची परवानगी घेऊन साठ दिवसांच्या गोळ्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात घालून त्याच्याकडे दिल्या. पाचव्या दिवशी डबा पोचला.

जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, ही बातमी मला तिने सांगितली. तिने आपण होऊन काही सांगितल्याची ती पहिली वेळ. वाढ्यांचे पैसे ती साडीच्या ओटीला बांधून ठेवत होती. फेब्रुवारीत त्यातून तिने मुलीला वह्या पाठवल्या. मुलीचा फोन बहुतेक रात्री व्हायचा.

मार्च २०२४ मध्ये होळीच्या चार दिवस आधी टोळी परतली. एप्रिलमध्ये पीएचक्यू-९ ची बेरीज ७ झाली. या सातबद्दल मी सावध आहे, कारण त्यातले तीन गुण थकवा आणि झोपेचे आहेत. पाच महिने ऊस तोडून आलेल्या कुठल्याही बाईला ते मिळतील. मला जास्त भरवसा वाटला तो दुसऱ्या एका उत्तरावर. होळीला लेंगीत उभी राहिलीस का, असं विचारलं. ‘उभी राह्यले,’ ती म्हणाली, ‘पन म्हटली न्हाई.’

उचल फिटली नाही. अंगावर २२ हजार बाकी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट कॅलेंडरची. आम्ही भाषा बदलली, शब्द बदलले, खोली बदलली, आणि ‘संस्कृतीनुसार बदल’ म्हणजे एवढंच असं मानत राहिलो. ताईच्या जगण्यावर लेंगी आणि गोरबोलीइतकाच उचलीचा आणि गाळपाच्या तारखेचा हक्क होता. पहिल्याच भेटीत ‘यंदा फडावर जाणार का, कधी निघणार’ हे विचारलं असतं तर हातात चौदा आठवडे मिळाले असते. आम्ही त्यातले निम्मे घालवले.

गर्भाशयाचा विषय आम्ही फार उशिरा काढला. तिचं गर्भाशय वयाच्या २९ व्या वर्षी काढलेलं होतं, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं, तेही ‘अंगातून वाफा निघतात’ असं ती म्हणाली म्हणून. बीडच्या ऊसतोड महिलांची राज्य समितीने २०१९ मध्ये पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीमुळे खाडे पडू नयेत, अंगावर जाणं थांबावं, अशी त्यामागची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. सोबत अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते: वाफा, झोपमोड, उदासी आणि पुढे ठिसूळ हाडं. तिच्याकडे शस्त्रक्रियेचा कागद नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी मे महिन्यात, परतल्यावर झाली. ती जुलैत व्हायला हवी होती. ऊसतोड कुटुंबातल्या बाईला नैराश्याचं निदान देण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असं मी आता प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

दुभाषी निवडताना भाषा येते का एवढंच पाहून चालत नाही. त्या बाईचं तिथल्या मुकादमाशी, सावकाराशी, पुढाऱ्याशी काय नातं आहे, हे आधी रुग्णालाच विचारायचं: ‘हिच्यासमोर बोलू का?’ आणि हो म्हणाली तरी ‘दुसरी कुणी चालेल?’ हेही विचारायचं, कारण समोर बसलेल्या माणसाला नको म्हणणं कुणालाच सोपं नसतं.

गोळ्यांबाबत माझं मत आमच्या डॉक्टरांच्या मतापेक्षा थोडं वेगळं आहे. साठा देण्यातला धोका खरा आहे. पण गोळी अचानक तुटण्याचा धोका आम्ही त्याच्या शेजारी ठेवून तोललाच नाही. या औषधात जास्त गोळ्यांचा धोका त्या मानाने कमी असतो, आणि महिन्याची पाकिटं करून टोळीतल्या तिच्या विश्वासाच्या बाईकडे ठेवता आली असती. अशी बाई होती, त्याच टोळीतली तिची मावसबहीण. तिचं नाव मला मार्चमध्ये कळलं.

फोनचा प्रश्न सुटलेला नाही. अकरापैकी चार फोनांत मागे नवऱ्याचा आवाज होता आणि ताई ‘हो’, ‘न्हाई’, ‘बरं’ एवढंच बोलली. त्या चार फोनांना मी उपचार म्हणत नाही.

आता केंद्राच्या नोंदवहीत दोन रकाने वाढले आहेत: फडावर कधी निघणार, आणि फोन कुणाचा. ‘यंदा जाऊ नको’ हा सल्ला आमचे डॉक्टर अजून देतात आणि मी अजून त्यांच्याशी भांडते. २०२४ च्या सप्टेंबरात, पहिल्याच मंगळवारी, ताई न बोलावता आली. बीपीच्या खोलीत बसली. सोबत मावसबहीण होती. ‘हिच्यापाशी ठेवायच्या गोळ्या,’ ती म्हणाली, ‘किती महिन्यांच्या देता ते सांगा.’